अल्सरचा जंतू आणि न तपासण्याची सवय

हेलिकोबॅक्टर पायलोरी या अल्सरच्या जंतूची गोष्ट सांगायला घेतली की सगळे थेट त्या पेल्यापाशी जातात. १९८४ साल, ऑस्ट्रेलियातलं पर्थ शहर आणि बॅरी मार्शल नावाचे तिशीतले डॉक्टर. अल्सर जंतूमुळे होतो हे कुणी ऐकून घेईना, म्हणून त्यांनी जंतू मिसळलेलं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं, आजारी पडले, बरे झाले आणि २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळवलं. गोष्ट चटकदार आहे. एकटा खरा माणूस, समोर ढिम्म व्यवस्था आणि शेवटी सत्याचा विजय. अशा गोष्टी लोकांना आवडतात, आणि मलाही आवडतात.

पण तिच्यातून जो धडा घेतला जातो तो चुकीचा आहे, आणि त्याचा त्रास आजच्या रुग्णांना होतो, असं माझं म्हणणं आहे.

मुळात त्या पेल्याने अल्सरचं कारण सिद्ध झालंच नाही. मार्शल यांना अल्सर झाला नव्हता. काही दिवसांत मळमळ सुरू झाली, सकाळी उलट्या होऊ लागल्या, तोंडाला दुर्गंधी येऊ लागली. दहाव्या दिवशी पोटात घातलेल्या दुर्बिणीने घेतलेल्या तुकड्यात जठराच्या अस्तराला सूज आलेली आणि तिथे जंतू वाढलेले दिसले. म्हणजे निरोगी जठरात हा जंतू गेला तर तो सूज आणतो, एवढं त्यातून दिसलं. ते महत्त्वाचं होतंच. पण सूज आणि अल्सर यांच्यात बरंच अंतर आहे, आणि ते अंतर एका माणसाच्या धाडसाने कापलं गेलं नाही. ते कापलं गेलं तपासणीच्या काचेवर रंग चढवणाऱ्या, जंतू वाढवायच्या प्लेटा सांभाळणाऱ्या आणि वर्षभर रुग्णांमागे फिरून नोंदी ठेवणाऱ्या माणसांच्या कामाने. ते काम गोष्टीत बसत नाही. कंटाळवाणं असतं, त्यामुळे त्याला पैसेही मिळत नाहीत.

आधी हे पाहू, की अल्सरला जंतू कारण असू शकतो असं कुणाच्या डोक्यात का येत नव्हतं. १९१० मध्ये कार्ल श्वार्त्स यांनी सूत्र मांडलं : ॲसिड नाही तर अल्सर नाही. ते सूत्र आजही खोटं ठरलेलं नाही, पण त्याने सगळं लक्ष ॲसिडवर खिळवून ठेवलं. मग दर तासाला दूध आणि साय पाजण्याचे आहार आले. जठराकडे जाणारी व्हेगस नस कापायची शस्त्रक्रिया १९४० च्या दशकात रूढ झाली. काहींच्या जठराचा मोठा भागच काढून टाकत. आणि या सगळ्याच्या बरोबरीने 'टेन्शन' होतं. अल्सर म्हणजे जबाबदारीने पिचलेल्या, आतल्या आत कुढणाऱ्या माणसाचा आजार, हे इतकं पक्कं झालं की १९५८ मध्ये जोसेफ ब्रेडी यांच्या माकडांवरच्या प्रयोगाला डोक्यावर घेतलं गेलं. दोन माकडं शेजारी, त्यातल्या एकाने योग्य वेळी कळ दाबली तर दोघांचाही विजेचा झटका टळायचा. जबाबदारी असलेल्या माकडाला अल्सर होतो, असा निष्कर्ष. पुढे लक्षात आलं की कोणत्या माकडाने कळ सांभाळायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलंच नव्हतं. जी आधीच जास्त चटकन कळ दाबत होती त्यांनाच ते काम दिलं होतं. तोवर मात्र 'साहेबांचा आजार' ही कल्पना लोकांच्या मनात घर करून बसली होती.

हे सगळे मूर्ख होते असं समजायचं कारण नाही. १९७६ मध्ये सिमेटिडीन बाजारात आलं, ॲसिड कमी करणारं, गोळीच्या रूपातलं. त्याने अल्सर खरोखर भरून यायचे. दुर्बिणीतून दिसायचे, भरलेले. या औषधामागच्या कामात वाटा असलेले जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं, आणि ते योग्यच होतं. अडचण एकच होती : गोळी थांबली की बहुतेकांचा अल्सर वर्षभरात परत यायचा. म्हणून गोळी थांबवायचीच नाही, असा तोडगा निघाला. जी गोळी रोज, कायम घ्यावी लागते ती कोणत्याही कंपनीला प्रिय असणारच. त्याच जातीचं रॅनिटिडीन तर काही काळ जगातलं सर्वाधिक खपाचं औषध होतं.

आता त्या जंतूकडे वळू. तो वॉरन-मार्शल यांना पहिल्यांदा दिसला, हाही एक गैरसमज. इटलीत जुलिओ बिझोझेरो यांनी १८९० च्या दशकात कुत्र्यांच्या जठरात नागमोडी जंतू पाहिले आणि त्यांची चित्रंही काढली. क्राकूवमध्ये वालेरी यावोर्स्की यांनी १८९९ मध्ये माणसाच्या जठरातून काढलेल्या पाण्यात तसेच जंतू पाहिले आणि जठराच्या आजाराशी त्यांचा संबंध असावा अशी शंकाही घेतली. १९४० मध्ये बॉस्टनमध्ये फ्रीडबर्ग आणि बॅरन यांनी शस्त्रक्रियेत काढलेली जठरं चांदीच्या क्षारांनी रंगवून तपासली, तर सुमारे ४० टक्क्यांमध्ये हे जंतू मिळाले. फ्रीडबर्ग पुढे हृदयविकाराकडे वळले. ते शंभरी ओलांडून जगले, त्यामुळे २००५ चं नोबेल त्यांच्या हयातीतच जाहीर झालं. त्या दिवशी त्यांना काय वाटलं असेल, असा विचार माझ्या मनात येऊन जातो.

मग १९५४ मध्ये आला एडी पामर यांचा अभ्यास, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला खरा धडा तिथे आहे. पामर यांनी हजाराहून जास्त माणसांच्या जठराचे तुकडे तपासले. फ्रीडबर्ग यांच्याकडे होते जेमतेम काही डझन. पामर यांना एकाही तुकड्यात तो जंतू दिसला नाही. निष्कर्ष सरळ होता : आधीच्यांना जे दिसलं ते मेल्यानंतर किंवा काढून ठेवल्यानंतर शिरलेले भुरटे जंतू. इतक्या मोठ्या आकड्यापुढे कोण बोलणार? विषय मिटला, आणि पंचवीसेक वर्षं मिटलेलाच राहिला.

पामर यांनी तुकडे रंगवले ते नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने. निळा-गुलाबी रंग, पेशींसाठी उत्तम. या रंगात तो जंतू पूर्ण अदृश्य होतो असंही नाही. जठराच्या अस्तरावर श्लेष्माचा जो थर असतो, त्याच्या तळाशी, पेशींना चिकटून, फिकट निळसर अर्धविरामांसारखे काही ठिपके असतात. ते आहेत हे आधीच माहीत असेल तर दिसतात. माहीत नसेल तर नजर त्यांच्यावरून घसरते. तोच तुकडा वॉर्थिन-स्टारी पद्धतीने, चांदीच्या क्षाराने रंगवा : पार्श्वभूमी पिवळसर सोनेरी होते आणि तिच्यावर काळेभोर, वाकडे जंतू रांगेने उभे दिसतात. नवशिक्या विद्यार्थ्यालाही बोट ठेवून दाखवता येतील इतके ठळक. हजार तुकडे चुकीच्या रंगात पाहून जे कळत नाही ते एक तुकडा योग्य रंगात पाहून कळतं. पुरावा नेहमी संख्येने मोजण्याची सवय लागलेल्या आपल्या काळाला हे फार पचत नाही. नमुना किती मोठा, हा प्रश्न आपण लगेच विचारतो. नमुना पाहिला कशाने, हे विचारायला विसरतो.

रॉबिन वॉरन यांनी ते विचारलं. रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये ते पॅथॉलॉजिस्ट होते. १९७९ च्या जून महिन्यात एका बायोप्सीच्या (तपासायला काढलेल्या जठराच्या तुकड्याच्या) पृष्ठभागावर त्यांना निळसर रेघ दिसली, जास्त मोठं करून पाहिल्यावर ते जंतू वाटले. सहकाऱ्यांना काही दिसेना. मग त्यांनी तोच तुकडा चांदीने रंगवून मागवला आणि वाद संपला. पुढची दोन वर्षं ते एकटेच नोंदी ठेवत होते : जिथे हा जंतू, तिथे एका ठरावीक प्रकारची सूज. यात धाडस वगैरे काही नव्हतं. रोजच्या कामातल्या तुकड्यांकडे जरा जास्त वेळ पाहणं होतं. पण त्यांच्याकडे येत होते ते तुकडे. रुग्ण येत नव्हते. तुकडा ज्या माणसाचा, त्याला अल्सर होता की नाही, दुखतं कुठे, औषध काय चाललंय, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. १९८१ मध्ये प्रशिक्षणाचा भाग म्हणून मार्शल त्या विभागात आले आणि त्यांनी रुग्णांची बाजू सांभाळली. १०० रुग्णांचा अभ्यास ठरला.

जंतू दिसला म्हणजे तो ओळखला असं होत नाही. तो शरीराबाहेर वाढवून दाखवावा लागतो. त्याशिवाय त्याचं कूळ कळत नाही, कोणत्या औषधाने मरतो ते कळत नाही. तिथे गाडी अडली. तीसहून अधिक रुग्णांच्या बायोप्सी प्लेटवर लावल्या, काहीच उगवलं नाही. आतड्यातल्या कॅम्पायलोबॅक्टर जंतूंसाठी जी पद्धत नुकतीच बसवली गेली होती तीच इथे वापरली होती : कमी ऑक्सिजनची बरणी, पोषक प्लेट, शरीराइतकं तापमान. सगळं बरोबर होतं. मग १९८२ च्या ईस्टरची सुट्टी आली. प्रयोगशाळेत कामाची गर्दी, त्यात जोडून सुट्ट्या. प्लेटा उबवणीच्या कपाटात पाचेक दिवस तशाच राहिल्या. परत येऊन पाहिलं तर प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके.

आधीच्या सगळ्या प्लेटा ४८ तासांनी फेकल्या जात होत्या. यावरून लोक नियमबाज तंत्रज्ञांना हसतात, आणि तो अन्याय आहे. घशातला किंवा शौचाचा नमुना असेल तर दोन दिवसांत त्यावर इतर जंतूंचं एवढं रान माजतं की पुढे ठेवून उपयोग नसतो. नियम त्या नमुन्यांसाठी होता आणि त्यांच्यासाठी अगदी शहाणा होता. जठराच्या तुकड्यात मात्र बाकी फारसं कुणी राहतच नाही, आणि हा जंतू संथ. त्याला चार-पाच दिवस लागतात. नियम कशासाठी केला होता हे विचारायला कुणाला सवड नव्हती. ती सवड सुट्टीने दिली. याला सगळे 'नशीब' म्हणतात. मला ते नशीब वाटत नाही. एखादा नवीन नमुना आला की जुना नियम त्याला लागू पडतो का, हे तपासायला कुणाचा तरी वेळ राखून ठेवलेला असावा लागतो, आणि तसा तो कुठेच नव्हता. आजही बहुतेक ठिकाणी नसतो.

त्या १०० जणांच्या अभ्यासात ड्युओडेनमचा, म्हणजे जठराला लागून असलेल्या आतड्याचा, अल्सर असलेल्या तेराही जणांत जंतू सापडला. १९८४ मध्ये लॅन्सेटने तो निबंध छापला. लक्षात घ्या : वैद्यकातल्या सर्वांत प्रतिष्ठित नियतकालिकांपैकी एकाने. त्याआधी १९८३ मध्ये त्याच नियतकालिकात दोघांची पत्रं आली होती. त्याच वर्षी ब्रसेल्समधल्या जंतुशास्त्रज्ञांच्या मेळाव्यात मार्शल यांचं म्हणणं उत्सुकतेने ऐकलं गेलं. ऑस्ट्रेलियातल्या पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेने त्यांचा गोषवारा नाकारला हे खरं आहे; पण 'सगळं जग विरुद्ध' हे चित्र खरं नाही. जंतुशास्त्रज्ञांना त्यात नवल वाटलं नाही. अडून बसले ते पोटाचे डॉक्टर, आणि त्यांच्या शंकेला आधार होता. हा जंतू ठणठणीत माणसांतही भरपूर सापडत होता. मग तो गुन्हेगार की आधीच झालेल्या जखमेवर येऊन बसलेला बघ्या? रॉबर्ट कॉख यांच्या काळापासून नियम आहे : जंतू वेगळा काढा, निरोगी प्राण्यात घाला, तोच आजार करून दाखवा. मार्शल यांनी डुकरांवर प्रयत्न केला, जमला नाही. पेला आला तो त्यानंतर.

शंका फिटली ती वेगळ्याच प्रकारच्या प्रयोगाने. व्हिएन्नामधल्या गटाने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास घ्या. सुमारे शंभर रुग्ण, सगळ्यांचा ड्युओडेनमचा अल्सर पुन्हा पुन्हा येणारा. सगळ्यांना ॲसिड कमी करणारं औषध दिलं. निम्म्यांना सोबत दोन अँटिबायोटिक, बाकीच्यांना त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या. कुणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. वर्षभराने पाहिलं तर अँटिबायोटिक मिळालेल्यांपैकी ८ टक्क्यांचा अल्सर परत आला होता. बाकीच्यांपैकी ८६ टक्क्यांचा. एवढा फरक पाहिल्यावर वाद घालायला जागाच उरत नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या तज्ज्ञ परिषदेने सांगितलं की अल्सर आणि हा जंतू दोन्ही असतील तर अँटिबायोटिक द्यायलाच हवं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या जंतूला कर्करोगाच्या ठाम कारणांच्या यादीत घातलं.

लॅन्सेटच्या निबंधापासून या शिफारशीपर्यंत दहा वर्षं गेली. त्यातला काही काळ रास्त शंकेचा होता, तो सोडून देऊ. उरलेला का गेला? औषध कंपन्यांचा कट, असं उत्तर तोंडावर तयार असतं. मला कट दिसत नाही. मला दिसतं ते असं : बिस्मथ, मेट्रोनिडॅझोल, टेट्रासायक्लीन, अमॉक्सिसिलीन ही सगळी जुनी, स्वस्त औषधं. दोन आठवडे घ्यायची आणि माणूस बरा. त्यांच्यावर व्हिएन्नासारखा प्रयोग करायला मोठा पैसा घालून कुणाला काय मिळणार होतं? बिस्मथचं औषध विकणाऱ्या एखाद्या कंपनीने रस घेतला, हे नमूद करायला हवं. पण तोही आपला माल खपेल या हिशेबानेच. बाजार आपल्या रीतीने वागला. ज्या प्रश्नाच्या उत्तरात कुणाचाच नफा नाही तो प्रश्न सार्वजनिक पैशाने सोडवायचा असतो. ते वेळेवर झालं नाही, आणि त्या काळात किती माणसांनी जठराचे तुकडे गमावले असतील, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

इथे ग्रीसमधल्या योआनिस लिकूडिस यांची आठवण काढायला हवी, कारण नायककथा सांगणारे त्यांनाही आपल्या बाजूला ओढतात. मेसोलोंगी गावातले हे साधे डॉक्टर १९५८ पासून अल्सरच्या रुग्णांना अँटिबायोटिक देत होते. रुग्ण बरे होतात असा त्यांचा अनुभव होता, आणि तो बहुधा खरा असावा. त्यांनी लेख पाठवला, परत आला. औषधाला परवानगी मागितली, मिळाली नाही. शेवटी त्यांना दंड झाला. मार्शल यांच्या शोधाआधीच, १९८० मध्ये, ते वारले. वाचताना गलबलून येतं. तरीही त्या काळी मी परवानगी देणाऱ्या समितीवर असतो तर काय केलं असतं? त्यांच्याकडे जंतू नव्हता. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. हातात होती ती फक्त 'माझे रुग्ण बरे होतात' ही ग्वाही, आणि ती प्रत्येक भोंदूकडेही असते. लिकूडिस बरोबर होते, आणि त्यांना नाकारणारेही त्या पुराव्यावर फार चुकले नव्हते. चूक झाली ती नकारानंतर. 'तुमचं पटत नाही' एवढं म्हणून फाइल बंद केली. 'चला, पन्नास रुग्णांवर पाहू' असं म्हणणारी यंत्रणा नव्हती. नाकारण्याचा अधिकार ज्यांच्याकडे असतो त्यांच्याकडे तपासून पाहण्याची जबाबदारीही असायला हवी. आज कर्करोगावर, मधुमेहावर रामबाण विकणारा प्रत्येक जण 'मार्शलनाही वेड्यात काढलं होतं' हे वाक्य फेकतो. त्याला उत्तर द्यायचं तर 'मार्शल तपासून घ्यायला तयार होते, तुम्ही आहात का?' असं विचारता आलं पाहिजे, आणि तो हो म्हणाला तर तपासायची सोयही असली पाहिजे.

हा सगळा इतिहास मी उकरला तो आजच्यासाठी. जंतूचं नाव १९८९ मध्ये ठरलं, १९९७ मध्ये त्याची संपूर्ण जनुकीय नोंद वाचून झाली. तो ॲसिडमध्ये जगतो कसा, हेही कळलं : त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर भरपूर असतं, ते युरियापासून अमोनिया बनवतं आणि जंतू आपल्याभोवती ॲसिड मारणारं कवच तयार करतो. त्याच युक्तीवरून त्याला पकडतात. बायोप्सीचा कण युरिया असलेल्या पिवळ्या जेलमध्ये खोचायचा. जंतू असेल तर अमोनियामुळे जेल गुलाबी होत जातं, बऱ्याचदा तासाभरातच. दुर्बीण नको असेल तर वेगळ्या वजनाचा कार्बन असलेला युरिया प्यायला देऊन श्वास तपासतात, किंवा शौचात जंतूचे अंश शोधतात. म्हणजे ओळख पटवायला आता ईस्टरच्या सुट्टीची गरज नाही.

तरीही काय चालतं? पोटात आग पडते, माणूस ॲसिड दाबणाऱ्या गोळ्या सुरू करतो, बरं वाटतं, गोळ्या महिनोन् महिने चालू राहतात. तपासणी होतच नाही. झालीच तर गोळी चालू असताना होते, आणि ओमेप्रॅझोलच्या जातीची औषधं जंतूला इतकं दबवून ठेवतात की श्वासाची किंवा शौचाची चाचणी खोटीच 'निगेटिव्ह' येऊ शकते. त्यासाठी ही गोळी निदान दोन आठवडे आणि अँटिबायोटिक निदान चार आठवडे बंद असावी लागतात. हे रुग्णाला सांगितलं जातंच असं नाही. काही ठिकाणी रक्ताची चाचणी करतात. तिच्यातून जंतू कधीतरी शरीरात होता एवढंच कळतं, आज आहे का ते नाही. उपचारानंतर जंतू खरंच गेला का हे पुन्हा पाहायला हवं, तेही राहून जातं. पामर यांनी चुकीच्या रंगात पाहिलं म्हणून आपण मान हलवतो, आणि स्वतः चुकीच्या वेळी चुकीची चाचणी करतो.

त्याहून गंभीर बाब अँटिबायोटिकची. लघवीत जंतू सापडला तर कल्चर-सेन्सिटिव्हिटी करून, म्हणजे जंतू वाढवून तो कोणत्या औषधाला दाद देतो ते पाहून, औषध ठरवणं हे कुठल्याही डॉक्टरला सहज सुचतं. पायलोरीच्या बाबतीत मात्र जगभर वर्षानुवर्षं अंदाजाने औषध दिलं गेलं : क्लॅरिथ्रोमायसिन, सोबत अमॉक्सिसिलीन, सोबत ॲसिड दाबणारी गोळी. परिणाम व्हायचा तोच झाला. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या औषधांची तातडीने गरज असलेल्या जंतूंची यादी काढली, तिच्यात क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारा पायलोरी होता. आता मार्गदर्शक सूचना पुन्हा बिस्मथच्या चार औषधांच्या मिश्रणाकडे वळल्या आहेत, म्हणजे थोड्याफार फरकाने १९८० च्या दशकातल्या जुन्या औषधांकडेच. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२२ मध्ये तर सांगितलं आहे की शक्य तिथे औषध देण्याआधी जंतूची सेन्सिटिव्हिटी पाहणं हीच नेहमीची रीत व्हावी. सूचना कागदावर चांगली आहे. ती पाळायला कल्चर करता येणाऱ्या प्रयोगशाळा लागतात, किंवा जंतूच्या जनुकातला बदल काही तासांत दाखवणारी पीसीआर चाचणी परवडावी लागते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या जठरात हा जंतू आहे. त्यातल्या बहुसंख्यांना अल्सर कधीच होत नाही, कर्करोग तर त्याहून फार थोड्यांना. आल्प्समध्ये बर्फात सापडलेल्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या पोटातही तो होता. माणूस आफ्रिकेतून बाहेर पडला तेव्हापासून तो सोबत असल्याचं जनुकांवरून दिसतं. मार्टिन ब्लेझर यांच्यासारखे शास्त्रज्ञ म्हणतात की इतक्या जुन्या सोबत्याला सरसकट हाकलण्याचे तोटेही असू शकतात. शिवाय कोट्यवधी लोकांना अँटिबायोटिक द्यायची म्हणजे इतर जंतूंनाही प्रतिकार शिकवायचा.

आक्षेप मान्य करूनही मला वाटतं तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. सरसकट सगळ्यांना औषध द्या असं मी म्हणत नाही. ज्यांना द्यायचं त्यांची ओळख आधी पटवा, एवढंच म्हणतो. अल्सर झालेला माणूस, रोज ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक घेणारा माणूस (अल्सरचं दुसरं मोठं कारण हीच औषधं), घरात कुणाला जठराचा कर्करोग झालेला माणूस, आणि जिथे हा कर्करोग जास्त आहे तिथली वस्ती. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून गावोगाव चाचणी करून ज्यांच्यात जंतू आहे त्यांनाच औषध देण्यात आलं, पुन्हा तपासणी झाली, आणि पुढच्या काळात जठराच्या कर्करोगाचं प्रमाण निम्म्याहून जास्त घटलं. जपानने २०१३ मध्ये जंतूमुळे आलेल्या साध्या सुजेच्या उपचारालाही विमा लागू केला, पण आधी दुर्बिणीने तपासणी झालेली असेल या अटीवर. ही अट मला फार महत्त्वाची वाटते. तिच्यामुळे पैसा गोळीच्या आधी तपासणीवर खर्च होतो.

बहुतेक ठिकाणी उलटं आहे. गोळी सहज मिळते, चाचणी खिशातून करावी लागते, आणि कल्चर करणारी प्रयोगशाळा शोधावी लागते, कारण पाच-सात दिवस प्लेट सांभाळून शेवटी एका रुग्णाचा एक अहवाल देणं कुणालाच परवडत नाही. म्हणून सरकारी आणि विमा यंत्रणांनी तीन गोष्टींचा खर्च उचलावा : औषधाआधीची चाचणी, औषधानंतरची चाचणी आणि प्रत्येक भागातल्या काही नमुन्यांची नियमित सेन्सिटिव्हिटी. यातली तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. प्रत्येक रुग्णाचं कल्चर नाही झालं तरी चालेल. पण आपल्या भागातले किती जंतू क्लॅरिथ्रोमायसिनला दाद देत नाहीत, हा आकडा दरवर्षी डॉक्टरच्या टेबलावर असायला हवा. तो १५ टक्क्यांच्या वर गेला असेल तर ते औषध अंदाजाने द्यायचंच नाही, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. आकडाच नसेल तर डॉक्टर ती सूचना पाळणार कशी?